धोंडूकाकांच्या मानेतली गुठळी

रविवारी सकाळी साडेदहाला लालबागच्या आमच्या चाळीतल्या मंडळाच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्यांत माणसं, टेबलावर माणसं, दोघंजण तर कॅरमबोर्ड उभा करून त्याच्या कडेवर तोल सांभाळत होते. मधोमध प्लॅस्टिकच्या खुर्चीत धोंडूकाका मेस्त्री उघडेबंब बसले होते, मान डावीकडे टाकून. समोर तांब्याची परात, परातीत पाणी. आणि काकांच्या मानेवर ओल्या कापसाचा बोळा चोळत उभे होते धमनीनाथ महाराज.

महाराजांचं गार्‍हाणं चाललं होतं. गावच्या देवळात नारळ ठेवून देवाला घालतात ते गार्‍हाणं मला मनापासून आवडतं. त्यात माणसं आपली सगळी दुःखं देवापुढे सरळ मांडतात. या माणसाने मात्र त्याची पार भेळ केली होती.

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकराच्या मानेतली मेन लाइन आज ब्लॉक झालेली हा..."

"व्हय म्हाराजा," हॉल एका सुरात म्हणाला.

"कोणाची नजर असांदे, कोणाची करणी असांदे, नाक्यावरच्या वड्याचा तेल असांदे..."

"व्हय म्हाराजा."

"तां सगळा पॉझिटिव्ह एनर्जीच्या प्रेशरान भायर काढ रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

पंधरा मिनिटं हे चाललं. मग महाराजांनी डोळे पांढरे केले, काकांच्या मानेवरून बोळा उचलला आणि परातीवर धरून पिळला. लाल धार लागली. धारेमागून एक काळपट, बुळबुळीत तुकडा पाण्यात पडला. बायकांनी पदर तोंडाला लावले. काकांची बायको सुभद्राकाकी, ती तर हात जोडून रडायलाच लागली.

"गुठळी," महाराज शांतपणे म्हणाले. "डॉक्टर मान कापतात, आम्ही मान राखतो. आता ऑपरेशन नको, गोळी नको. गुठळीच गेली तर गोळी कोणाला घालणार?"

मी मेघना. काकांच्या शेजारच्या खोलीत राहते आणि परळच्या एका लॅबमध्ये बावीस वर्षं लोकांचं रक्त काढते, तपासते. रोज शंभरेक ट्यूबा हातातून जातात, त्यामुळे रक्ताशी माझी बरी ओळख आहे. परातीतली ती वस्तू काही माझ्या ओळखीची वाटली नाही.

"महाराज, मला ही तपासायला मिळेल का?" मी विचारलं.

"काचेला लागली तर गुठळी उलटते, ताई. ज्याने तपासली त्याच्यात जाते."

आजूबाजूचे लोक माझ्यापासून हातभर लांब झाले. महाराजांनी तुकडा एका स्टीलच्या वाटीत ठेवला, वर झाकण लावलं आणि सुभद्राकाकीच्या हातात दिला. देवाखाली ठेव, उद्या गिरगाव चौपाटीवर विसर्जन कर, असं बजावून महाराज पुढच्या भक्ताकडे वळले.

आता मागची हकिकत सांगते. आदल्या गुरुवारी भजनात काका पखवाज वाजवत होते. मधेच त्यांचा डावा हात पखवाजावरून घसरला आणि मांडीवर पडून राहिला. तोंड एका बाजूला ओघळलं. बुवांना वाटलं धोंडूचा ताल चुकला, म्हणून ते डोळे वटारून तसेच गात राहिले. दोन अभंग संपेपर्यंत हात पुन्हा उठला, तोंडही जाग्यावर आलं. बारा मिनिटांचा खेळ. काका म्हणाले, मुंग्या आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना ओढत आमच्या ओळखीच्या सर्जन डॉक्टर मृणालिनींकडे नेलं. त्यांनी मानेची सोनोग्राफी केली आणि कागदावर एक नळी काढून दाखवली.

"काका, मेंदूला रक्त नेणारी उजवी धमनी इथे मानेत ऐंशी टक्के बंद झाली आहे. आतून थर साचलाय. त्याच्यावर धरलेली एक बारीक गुठळी सुटून वर गेली, म्हणून डावा हात पडला. ती विरघळली, हात परत आला. हा पक्षाघाताचा झटका नव्हता, झटक्याची नोटीस होती. खरा झटका येत्या काही दिवसांत येऊ शकतो. येत्या गुरुवारी धमनी उघडून आपण ती साफ करू."

एवढ्या बोलण्यातलं काकांनी फक्त एकच ऐकलं, की मान कापणार. गिरणी बंद पडली, संपात हाल झाले, तेव्हा न घाबरलेला हा माणूस त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात खाली बसला. आणि मग कोणीतरी त्यांना धमनीनाथांचा नंबर दिला.

त्या रविवारी संध्याकाळी काकांनी डॉक्टरांनी दिलेली रक्त पातळ ठेवायची गोळी खिडकीतून बाहेर टाकली. मी डॉक्टरांना फोन केला. मान चोळली हे ऐकून त्या भडकल्याच. मग म्हणाल्या, "चोळून आतला आणखी एखादा तुकडा सुटला असता, मेघना. गोळी आजच सुरू करायला सांग. आणि बुधवारी अ‍ॅडमिट नाही झाले तर मी काहीच करू शकणार नाही."

मी हे काकांना सांगितलं. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

सोमवारी सकाळी सातला माझं दार वाजलं. बाहेर सुभद्राकाकी, हातात ती वाटी. काकी तीस वर्षं हिंदमाताजवळच्या एका खानावळीला रोज सोलकढी पुरवते. चाळीत तिच्या तोंडाला कोणी लागत नाही.

"मेघना, वास घे."

मी घेतला. मला आंबूस काहीतरी वाटलं.

"ह्या आमसूल आसा," काकी म्हणाली. "विसर्जनाक न्यायच्या आधी हळद-कुंकू वाहूक झाकण काढलंय, तर माझा सगळा स्वयंपाकघर घमघमला. सगळी रात देवाखाली आमसूल पुजलंय मी."

मी वाटीत पाहिलं. फुगलेलं, गडद लाल, कडेला जरा दुमडलेलं. एकदा सांगितल्यावर मलाही दुसरं काही दिसेना. अख्खी कोकणी माणसांची चाळ, घराघरात आमसुलांची बरणी, रोजच्या आमटीत आमसूल, आणि तीनशे माणसांतून एकालाही ओळखता आलं नाही. परातीत पडलं म्हणून ते रक्त, ताटात पडलं असतं तर कोणी फसलं नसतं.

मी फसवणुकीबद्दल तावातावाने बोलायला लागले. पण काकीचा राग भलताच होता.

"गेल्या वर्साचा माल. मीठ मारून मारून टिकवलेला. माझ्या घोवाच्या मानेत असलो हलको माल?"

आम्ही दोघी वाटी घेऊन काकांपुढे उभ्या राहिलो. काकांनी वाकून पाहिलं, हुंगलं आणि गंभीरपणे मान हलवली. "महाराजांची पॉवर बघ. माझ्या रक्ताचा आमसूल केल्यानी, म्हणजे कोणाक बाधाक नको."

घ्या! पुरावा नाकाखाली धरला, तर हा माणूस त्याचाच चमत्कार करून मोकळा झाला. काकीने वाटी आपटली आणि ती आत निघून गेली. थोड्या वेळाने बाहेर आली आणि म्हणाली, "मंगळवारी तो परत येतलो ना? येवंदे."

मंगळवारी संध्याकाळी हॉल पुन्हा भरला. खुर्चीत या खेपेला ठाकूरद्वारचे गंगाधरपंत होते, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना काहीही झालं नव्हतं.

"मग तुम्ही का बसलात?" मी विचारलं.

"प्रिव्हेन्टिव्ह," पंत म्हणाले. "गुठळी व्हायच्या आतच काढून घेतलेली बरी. विज्ञानाला शेवटी मर्यादा असतात हो." मागे बाकावर आणखी सहाजण मान उघडी टाकून रांगेत बसले होते.

धोंडूकाका पहिल्या रांगेत, महाराजांचा चालता-बोलता दाखला म्हणून. गार्‍हाणं सुरू झालं. दुसऱ्या "व्हय म्हाराजा"ला सुभद्राकाकी उठली, सरळ महाराजांच्या शेजारी गेली आणि त्यांचा कापसाचा पितळी डबा उचलून बगलेत मारला.

"बाई, त्याला हात लावू नका," महाराजांचं गार्‍हाण्यातलं मालवणी एकदम गळून पडलं. "त्यात शक्ती आहे."

"म्हणान तर बघतंय." काकीने एक बोळा काढून उलगडला. आत दोन आमसुलं. दुसरा उलगडला, आत दोन. तिने सगळे सहा बोळे टेबलावर ओळीने उलगडून ठेवले आणि बाकावरच्या सहाजणांकडे वळली. "बघा रे बाबांनो. तुमचा गार्‍हाणा अजून घालूक नाय, आणि तुमच्यो गुठळ्यो आधीच येवन बसल्यो."

आता कुठे मला ते लांबलचक गार्‍हाणं समजलं. सुकलेलं आमसूल पाण्यात टाकल्या टाकल्या रंग सोडत नाही, फुगत नाही. त्याला ओल्या कापसात पंधरा मिनिटं लागतात. महाराज देवाला आळवत नव्हते, आमसूल भिजायची वाट बघत होते. मी हे मोठ्याने सांगितलं. मागे कोणीतरी हसलं.

पण महाराजही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "ही आमसुलं नाहीत," ते हात वर करून म्हणाले. "ही ओढून घेणारी माध्यमं आहेत. आकार आमसुलाचा, काम क्वांटमचं." आणि खरंच सांगते, हॉलमधल्या अर्ध्या माना हलल्या. पंत तर म्हणाले, "तेच मी म्हणत होतो."

काकी वाद घालत बसली नाही. तिने घरून आणून बाकाखाली ठेवलेलं सामान ओढलं, पातेल्यात ती बारा माध्यमं टाकली, वर थर्मासमधलं गरम पाणी ओतलं. गार्‍हाण्याला लागतो तेवढा वेळ सगळा हॉल त्या पातेल्याकडे बघत बसला. मग तिने माध्यमं मुठीत कुस्करली, गाळली, बरणीतलं नारळाचं दूध ओतलं, वाटलेली लसूण-मिरची आणि चिमूटभर मीठ घातलं. लाल पाणी गुलाबी झालं. हॉलभर तो वास सुटला. पहिला ग्लास तिने महाराजांपुढे धरला.

"घेवा."

"आज माझा उपास आहे," महाराज म्हणाले.

दुसरा ग्लास तिने नवऱ्याच्या हातात दिला. धोंडूकाकांनी ग्लासाकडे पाहिलं, महाराजांकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि एक घोट घेतला. तोंडात घोळवला. अजून एक घेतला.

"आंबट कमी," ते अखेर म्हणाले. "माल जुनो आसा."

"सोमवारपासना मी दुसरा काय सांगतंय?" काकी म्हणाली.

मग हॉल जो हसत सुटला, त्या गडबडीत महाराज परात तिथेच टाकून जिना उतरले. नंतर कळलं की कॉटन ग्रीनला त्यांचं कोकणमेव्याचं दुकान होतं, ते बुडालं आणि शिल्लक माल घरात पडून राहिला. आम्ही जादूटोणा विरोधी कायद्याखाली पोलिसांत तक्रार दिली आहे.

काका मात्र हसत नव्हते. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. पर्समधून एक ट्यूब काढली, त्यात सकाळी काढलेलं माझंच रक्त होतं. खाली गच्च बसलेली गुठळी, वर पिवळसर पाणी. "ही खरी गुठळी, काका. ही कातडीतून कोणी पिळून काढू शकत नाही."

"मग माझो हात बरो केल्यान कोणी?"

"कोणीच नाही. गुठळी आपोआप विरघळली. हात गुरुवारी बरा झाला. महाराज तुम्हाला भेटले रविवारी."

काका बोटांवर मोजायला लागले. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. परत एकदा मोजलं. मग हळूच म्हणाले, "माका भीती वाटता गो. मानेर सुरी म्हणजे काय."

मला एकदम वाईट वाटलं. इतके दिवस मी त्यांना मूर्ख समजत होते. ते मूर्ख नव्हते, घाबरले होते, आणि घाबरायचं कारण नाही असं सांगणारा एकच माणूस त्यांना भेटला होता. तो नेमका चोर निघाला.

"माकाय वाटता," सुभद्राकाकी म्हणाली. "पण सुरी डॉक्टरणीच्या हातात आसा, आणि मी भायर बसलेली आसय. तू खुर्चेर बसान पडलंस तर मी काय करू?"

बुधवारी काका अ‍ॅडमिट झाले. गुरुवारी ऑपरेशन झालं. संध्याकाळी डॉक्टर मृणालिनींनी धमनीतून काढलेला थर बाटलीत आणून काकीला दाखवला. तो लाल नव्हता, बुळबुळीतही नव्हता. पिवळट, कडक, अंड्याच्या टरफलासारखा ठिसूळ, करंगळीच्या पेराएवढा. काकीने बाटली उजेडात धरून फिरवून फिरवून पाहिली. चाळीस वर्षांच्या संसाराचा शेवट एवढ्याशा वस्तूने होणार होता, हे तिला तेव्हा कळलं असावं.

तीन आठवड्यांनी गॅलरीत बोलता बोलता समोरच्या खोलीतल्या राधाबाईंची जीभ जड झाली. शब्द चुकीचे यायला लागले, उजवा हात लोंबला. लगेच गर्दी जमली. एक म्हणाला कांदा हुंगवा, दुसरा म्हणाला मारुतीच्या देवळातलं तीर्थ आणा, तिसरा कोणा दुसऱ्या महाराजांचा नंबर शोधू लागला. धोंडूकाका मानेवरच्या टाक्यांचा वण घेऊन खुर्चीतून उठले. त्यांनी आधी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं आणि वेळ मोठ्याने सांगितली. मग म्हणाले, "आधी गाडी. देव वाटेत भेटलो, तर तेकाय गाडयेत घेवया."

राधाबाई पन्नास मिनिटांत हॉस्पिटलात पोचल्या. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, ते त्यांना वेळेत मिळालं.

माझं मागणं एवढंच आहे. तोंड वाकडं झालं, हात पडला, बोलणं अडखळलं, तर घड्याळ बघा आणि हॉस्पिटल गाठा. पाच मिनिटांत सगळं ठीक झालं तरी गाठा. वाटेत हात जोडायचे असतील तर खुशाल जोडा, गाडी मात्र थांबवू नका.