धुवणातली चांदी

ताईनं काचेची प्लेट खिडकीच्या उजेडात धरली, फिरवली, पुन्हा धरली. जंतूंची साय प्लेटभर सारखी पसरली होती. त्या सायीत तिनं काल दोन भोकं पाडली होती. डावीकडच्या भोकात तिचे स्वतःचे चांदीचे कण होते, नीट धुतलेले. त्यांच्याभोवती जंतू अगदी काठाला येऊन भिडले होते, फुकटच्या जेवणाला बसल्यासारखे. उजवीकडच्या भोकात त्याच कणांचं धुवण होतं, म्हणजे एरवी मोरीत ओतून द्यायचं पाणी. त्याच्याभोवती मात्र स्वच्छ, मोठं, वाटोळं रिंगण पडलं होतं. आत एकही जंतू शिल्लक नव्हता.

म्हणजे औषध धुवणात होतं आणि कणांत नुसता रंग उरला होता.

तिनं प्लेट सरांच्या टेबलावर ठेवली. सर तिचे मार्गदर्शक. विभागात सगळेच तिला ताई म्हणत, सरसुद्धा, कारण बाकीचे संशोधक तिच्या मुलाच्या वयाचे होते. शाळेच्या प्रयोगशाळेत ॲसिडं ओतण्यात अर्धं आयुष्य गेल्यावर आणि मुलगा हाताशी आल्यावर ती पीएचडीला बसली होती. घरच्यांनी आधी थट्टा केली, मग सवय करून घेतली.

काम सांगायला सोपं होतं. पेरूची पानं उकळायची, काढा गाळायचा, त्यात चांदीचं मीठ, म्हणजे सिल्व्हर नायट्रेट, घालायचं. थोड्या वेळात पाणी चहासारखं तपकिरी होतं. म्हणजे चांदीचे कण झाले, इतके बारीक की केसाच्या जाडीत हजारो मावावेत. हे कण जंतू मारतात आणि पानातून केलेले म्हणून माणसाला निरुपद्रवी असतात, हा सरांचा सिद्धांत. सरांच्या हाताखालून दर दोन वर्षांनी एक डॉक्टरेट बाहेर पडे आणि दर वेळी फक्त झाड बदले. कुणाच्या वाट्याला शेवगा आला, कुणाच्या सीताफळ, ताईच्या पेरू. खरं सांगायचं तर कुठलाही पाला उकळा, पाणी तपकिरी होतंच. त्यात पेरूची काही मर्दुमकी नाही आणि उकळणाऱ्याची तर त्याहून नाही. पण जगात झाडं पुष्कळ आहेत, आणि झाडं आहेत तोवर पदव्यांना मरण नाही.

आता यातली मेख. घातलेलं सगळं मीठ कणांत बदलत नाही. बरंच तसंच पाण्यात राहतं. कण यंत्रात गरगर फिरवून तळाला बसवायचे, वरचं पाणी टाकायचं, पुन्हा नवं पाणी घालायचं, असं केलं तरच ते निघतं. विभागात हे कुणी करत नसे. धुण्यात माल जातो, असं सर म्हणत. ताईनंही केलं नसतं. पण कणांचा फोटो काढणाऱ्या मोठ्या मायक्रोस्कोपवाल्यानं तिचा नमुना परत पाठवला होता. बाई, मीठच मीठ दिसतंय, धुऊन आणा, म्हणाला. तिनं धुतलं, आणि धुतलंच आहे तर प्लेटवरही लावून बघू म्हणून लावलं.

सरांनी प्लेट बराच वेळ पाहिली. त्यांना ती कळली. हे ताईच्या ध्यानात आलं, कारण न कळलेल्या गोष्टीवर सर लगेच बोलत. अंतिम सादरीकरण आठवड्यावर आलं होतं, बाहेरून परीक्षक येणार होते.

"ताई, हा प्रयोग जमेस धरू नका," ते शेवटी म्हणाले. "पदवी घ्या. मग जन्मभर धूत बसा."

ताई हसली. तिला ते पटलं नाही, पण सोयीचं वाटलं, आणि माणसं बहुतेक वेळा पटल्यासारखी वागतात ती सोयीमुळेच. तिनं मनाशी हिशेब केला की आधी पदवी पदरात पाडायची आणि हे पुढच्या लेखात सविस्तर लिहायचं. घर आणि शिक्षण तिनं एकाच वेळी ओढलं होतं. खरं आणि खोटं काही दिवस एकत्र ओढायला तिला जड जाणार नव्हतं. तिला तेवढी स्वतःची खात्री होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी वहिनीचा फोन आला. आबांचा अंगठा काळा पडलाय, दवाखान्यात आणलंय, डॉक्टर आजच कापायचा म्हणतायत, तुम्ही या.

आबा म्हणजे ताईचे वडील. उभा जन्म बस चालवली. निवृत्त झाल्यावर साखर निघाली आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली, ती महिनोन्महिने भरेना. पायाची जाणीवच गेली होती. खिळा रुतला तर चालताना टकटक आवाज येतो म्हणून कळायचं. लेक जंतू मारायचं औषध करते हे कळल्यापासून त्यांनी तिच्यामागे भुणभुण लावली होती, थोडं आण म्हणून. ताईनं साफ नाही म्हटलं होतं. माणसावर अजून लावलेलं नाही, आबा, तुमच्यावर तर नाहीच नाही. मग महिन्यामागे पेपरवाले प्रयोगशाळेत आले. 'पेरूच्या पानातून जखमेवर निर्धोक औषध' अशी बातमी आली, सरांचा आणि ताईचा फोटो आला. तो फोटो काढताना आबा इस्त्रीचा शर्ट घालून कोपऱ्यात उभे होते. तिथपर्यंतचं ताईला माहीत होतं. त्यानंतरचं नव्हतं.

वॉर्डात आबा उशीला टेकून बसले होते. पायाशी एक तरुण सर्जन उभा होता. झोप न झालेली माणसं बोलतात तसं तो तोडून बोलत होता. अंगठा गेलाय, तिथे स्पर्श कळत नाही, जखमेला वास आहे, आज अंगठा नाही काढला तर उद्या पाऊल काढावं लागेल. वहिनी पदरानं डोळे पुसत होती. सही करायला ताईचीच वाट पाहत होते, कारण आबा म्हणाले होते की आमच्यात शिकलेली तीच आहे.

ताईनं चादर बाजूला केली आणि पायाकडे पाहिलं.

सडलेलं काळं कसं दिसतं ते तिला ठाऊक नव्हतं. हे काळं ठाऊक होतं. ते अंगठ्यावरून ओघळून शेजारच्या बोटाच्या बेचक्यात गेलं होतं आणि तिथून एक बारीक रेघ तळव्याकडे उतरली होती. मांस सडतं ते असं ओघळत नाही. तिनं आबांचा उजवा हात उलटा केला. अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या टोकावर तेच काळे डाग होते. हे डाग साबणानं जात नाहीत, कातडी झडते तेव्हाच जातात. तिच्या स्वतःच्या बोटांवर ते कायम असत.

"आबा, बाटली कुठाय?"

"कसली बाटली?"

"आबा."

आबांनी खिडकीकडे पाहिलं. "तुझ्या सरांनी दिली. मी मागितली नव्हती. म्हणाले, लेक औषध करते आणि बाप लंगडतो, शोभतं का. मग काय, परत करू?"

बाटली दाढीच्या सामानाच्या डब्यात होती. दिवसातून दोनदा कापसानं लावत होते, कुणाला न सांगता. दुखलं नाही, कारण दुखण्यासारखं तिथे काही उरलंच नव्हतं. काळं पडायला लागलं तेव्हा त्यांना वाटलं, औषध लागू पडतंय.

शेजारी उभी असलेली नर्स म्हणाली की ते पेपरात आलेलं का, पानाचं? ते तर निर्धोक आहे म्हणे. तिनं आपल्या आईसाठी ते कुठे मिळतं याची चौकशीही केली होती.

ताईला एक क्षण सगळं लख्ख दिसलं. ती गप्प राहिली तर आबांचा अंगठा जाईल, आणि तो साखरेमुळे गेला असं सगळे म्हणतील. ती बोलली तर अंगठा वाचेल आणि इतक्या वर्षांचं शिक्षण या वॉर्डातल्या फरशीवर सांडेल. तिला निवड करावी लागली असं म्हणणं खोटेपणाचं होईल. जिच्या बापाचा पाय समोर आहे तिला निवड नसते. निवड तीन दिवसांपूर्वी होती, तेव्हा तिनं प्लेट फ्रीजमध्ये ठेवून दिली होती.

"डॉक्टर, हे सडलेलं नाही. हा डाग आहे," ती म्हणाली. "त्या बाटलीतले कण धुतलेले नाहीत, त्यात सिल्व्हर नायट्रेट उरलेलं आहे. ते कातडी जाळतं आणि काळी करतं. पेपरात आलंय ते खोटं आहे. मला माहीत आहे, कारण ते मीच केलंय."

सर्जननं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अंदाजानं मी थांबणार नाही. आणि ही नोंद केसपेपरवर जाईल, तुमच्या नावानं."

"घाला. पूर्ण नाव घाला. आणि आधी खरवडून बघा."

त्यानं ब्लेड घेतलं आणि अंगठ्याच्या कडेचा काळा पापुद्रा हलक्या हातानं सोलला. खाली फिकट गुलाबी होतं. त्यानं आणखी थोडं सोललं. एक थेंब वर आला, लाल. तो थेंब पाहून सर्जनचा चेहरा माणसासारखा झाला. त्यानं घोट्यापाशी नाडी पुन्हा चाचपली, या वेळी बराच वेळ, आणि वहिनीला म्हणाला की आज काही कापत नाही, अँटिबायोटिक देऊ, रोज बघू.

"काय निघालं?" आबांनी विचारलं. त्यांना काहीच जाणवलं नव्हतं.

"जिवंत आहे."

"मग मी काय सांगत होतो."

 नर्सनं बाटली चिकटपट्टीनं बंद केली आणि कपाटात वर ठेवली.

दुसऱ्या दिवशी ताई सरांच्या खोलीत गेली आणि त्यांनी बसायला सांगायच्या आधीच बसली. तिनं झालं ते सांगितलं. सर पांढरेफटक पडले, हे त्यांच्या बाजूनं लिहून ठेवलं पाहिजे. ते वाईट मनुष्य नव्हते. वाईट माणसं फार नसतात. सोयीची माणसं मात्र हवी तितकी मिळतात आणि नुकसान बहुतेक तीच करतात.

"मी त्यांना प्रेमानं दिली हो," सर म्हणाले.

"प्रेमानंच दिली, सर. धुऊन द्यायला हवी होती."

मग तिनं सांगितलं की सादरीकरणात धुतलेल्या कणांची आणि धुवणाची ती प्लेट दाखवणार आहे. सरांनी समजावलं. जगभर असंच करतात, आपण एकटेच का उघडे पडायचं, आधीच्या सगळ्या मुलांच्या पदव्यांवर प्रश्न येईल. ताई म्हणाली, यायलाच हवा. मग सरांनी आवाज चढवला. तसं असेल तर मार्गदर्शक म्हणून त्यांची सही मिळणार नाही. ताई म्हणाली, नको. ती उठली आणि खुर्ची जागेवर सरकवून बाहेर पडली. रात्रभर तिनं विचार केला होता आणि विचाराच्या शेवटी भीती नावाची गोष्ट तिला सापडली नव्हती.

परीक्षक आधीच ठरले होते म्हणून सादरीकरण टळलं नाही, आणि दालन भरलं होतं. भांडण होणार म्हटल्यावर माणसं जमतातच. आबांनी यायचा हट्ट धरला. सर्जननं चार दिवसांनी पायावर थोडं उभं राहायला परवानगी दिली होती, ते पायाला गुंडाळलेल्या पट्टीवर मुलाची मोठी चप्पल घालून वहिनीबरोबर आले आणि पहिल्या रांगेत, सरांच्या शेजारच्या खुर्चीत बसले. त्यांना दुसरी रिकामी दिसली नाही.

ताईनं पानांचं, रंगाचं, कणांच्या आकाराचं सगळं भरभर सांगितलं आणि शेवटी त्या प्लेटचा फोटो पडद्यावर आणला. एका भोकाभोवती मोठं रिंगण होतं. दुसऱ्याभोवती काही नव्हतं. बाहेरचे परीक्षक पुढे झुकले.

"म्हणजे तुमचे कण जंतू मारत नाहीत?"

"या मापात, या प्लेटवर, नाही. मारतं ते उरलेलं मीठ. ते मारतं हे आपल्या आज्यांच्या काळच्या डॉक्टरांनाही माहीत होतं. त्यासाठी पेरूचं झाड ओरबाडायची गरज नव्हती. कणांत काही गुण असेलही, पण तो शोधायचा तर आधी ते धुतले पाहिजेत. मी ते उशिरा धुतले."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. परीक्षकांनी आणखी पुष्कळ विचारलं. ताईला माहीत होतं ते तिनं सांगितलं आणि माहीत नव्हतं तिथे माहीत नाही म्हणाली. बंद दाराआड बराच वेळ गेल्यावर निकाल आला. काम प्रामाणिक आहे, पदवी देता येत नाही. नवा मार्गदर्शक घ्यावा, सगळे प्रयोग धुतलेल्या कणांवर पहिल्यापासून करावेत. अभिनंदन कुणी केलं नाही. परीक्षक जाताना तिच्याशी हात मिळवून गेले, एवढंच.

ताईनं सामान आवरलं, आबांच्या बाजूला आली. वहिनी रिक्षा बघायला पुढे गेली होती.

"पास का नापास?" आबांनी विचारलं.

"परत करायचंय. सगळं."

"मग कर. मला लायसन तिसऱ्या खेपेला मिळालं. त्यानंतर एक माणूस मेला नाही माझ्या गाडीत."

जिना अरुंद होता. आबांनी एका हातानं कठडा धरला. ताईनं हात पुढे केला नाही, कारण त्यांनी मागितला नव्हता. ती एक पायरी खाली, तोंड त्यांच्याकडे करून उभी राहिली. दालनातली माणसं मागून जिन्यावर उतरली आणि तिथेच खोळंबली. सर त्यांत सगळ्यांत पुढे होते, हातात फायली, एक पाय पुढे टाकलेला. बाजूनं जायला जागा नव्हती. 

आबांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांनी पाऊल उचललं, नजर त्याच्यावरच ठेवली, कारण टेकलं की नाही हे डोळ्यांनीच कळणार होतं. आधी टाच टेकली. मग तळवा. आणि मग, अगदी जपून, अंगठा.