सहा वर्षांच्या नोंदी

फ्रीज टूं टूं करायला लागला आणि घरातली शांतता मोडली. लेकीनं दार उघडंच टाकलं होतं. ते लावून मी परत लॅपटॉपपाशी बसले. रविवार, सकाळचे दहा. बारापर्यंत अर्ज गेला नाही, तर तंत्रज्ञानप्रमुखाची जागा हातची जाणार होती.

एकच रकाना उरला होता. स्वतः घेतलेले पाच निर्णय, बैठकीच्या नोंदींसह.

निर्णय होते की. जुना सर्व्हर बंद करा, असं मीच म्हटलं होतं. शुक्रवारी सॉफ्टवेअरमध्ये बदल करायचे नाहीत, हा नियमही माझाच. नोंदी उघडल्या, तर पानोपानी 'सरांनी ठरवलं.' आणि सहा वर्षं त्या नोंदी लिहीत कोण होतं? मीच. "तू छान लिहितेस," म्हणून पहिल्याच आठवड्यात ते काम माझ्या गळ्यात पडलं होतं.

ऑफिसातल्या टेस्टिंग विभागातल्या ताईंना फोन लावला. फोन स्पीकरवर, हात लेकीच्या वेणीत.

"ताई, एकही निर्णय माझ्या नावावर नाही हो."

"असेल कसा? सगळं शिजवलंस तू आणि वाढलंस सरांच्या नावानं."

"तेव्हा बोलायचं ना मग."

"बोलले होते. 'राहू दे ताई, बरं दिसत नाही,' हे कोण म्हणालं होतं?"

त्या हसल्या. "खरं ते लिही. साक्षीला मी आहे. आणि सरांनाच विचार, माणूस खोटा नाही."

सरांना पाचही निर्णयांची यादी मेसेज केली, हे माझेच ना म्हणून. उत्तर आलं, "चार तुझेच. सर्व्हरचा माझा होता ना?"

त्या सर्व्हरसाठी मी तीन आठवडे त्यांच्या मागे लागले होते. सवयीनं 'हो सर' टाइप केलं. मग खोडलं. लिहिलं, "नाही सर, तोही माझा. तुम्ही तर नको म्हणत होतात."

उत्तराची वाट बघताना माझ्या हातून एकाच वेणीचं रबर दोनदा सुटलं.

मग आलं, "खरंय. घाल पाचवा. तसं मी निवड समितीला कळवतो."

बाराला सात मिनिटं असताना अर्ज गेला. एवढा वेळ निमूट बसलेली लेक वळून मांडीवर चढली. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता.

"आई, ते सगळं तूच ठरवलं होतंस?"

"हो गं."

"मग तू सरांचं नाव का लिहायचीस?"