बावीस किलोचा नवस

"कांद्याच्या काट्यावर कुत्रं? अगं भागे, लक्षुमी तोलायची जागा ती! उद्या व्यापारी म्हनला, कांद्याला कुत्र्याचा वास येतो, तर तुझा देव येनारे का उत्तर द्यायला?"

माझी थोरली जाऊ मालनबाई कांदे साठवायच्या चाळीच्या तोंडाशी कमरेवर हात ठेवून उभी होती. ती सटाण्याकडची. राग आला की माहेरची बोली बाहेर पडायची. "आन कुत्रं तरी कोठे शे ते? हाडकास्नी मोळी शे, मोळी!"

खोटं नव्हतं. वैशाखात मेंढ्यांचा कळप देवळ्याच्या रस्त्यानं वर गेला, त्याच्या राखणीचा हा मागं राहिला. आमच्या विहिरीच्या कडेला लिंबाखाली पडून होता. उंच पाय, लांब तोंड, आणि बरगड्या अशा की माळेच्या मण्यांसारख्या मोजाव्यात. गावानं त्याचं नाव ठेवलं सुतळ्या.

लग्न होऊन आले तेव्हापासून माझा एक नेम आहे. देवपूजा झाली की तव्यावरची पहिली भाकर कुत्र्याची. दत्ताच्या पायाशी बसणारं जनावर ते. दारात कुत्रं येवो न येवो, भाकर बाजूला निघतेच. सुतळ्या आला तेव्हा मला वाटलं, देवानंच पाठवला. मग मी त्याला भाकरीवर कुठली थांबवते! दूध-गूळ घातला, गुरुवारचा शिरा घातला, एकादशीची साबुदाण्याची खिचडी घातली. पंधरा दिवसांत त्याचं पोट असं सुटलं की होतं तेही मांस गेलं. मायेनं मारत होते मी त्याला, आणि मला वाटत होतं पुण्य करतेय.

शेवटी त्याला पोत्यात बसवून, मोटरसायकलवर मांडीशी धरून देवळ्याला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. गाडी आमच्या ह्यांनी, देवरामनं, चालवली. पण सबंध रस्ता कुरकुर चालू. "घरची म्हस लंगडती, तिला येळ नाय. आन ह्या उपटसुंभाची वरात काढलीय."

डॉक्टरनं डोळ्यांच्या पापण्या उलटून पाहिल्या. "बाई, याला जंत झालेत. आधी औषध. मग खायला घाला, पण एकदम ढीग नाही. दिवसातून चारदा, थोडं थोडं. भाकरी, भात, मुगाची डाळ मऊ शिजवून, उकडलेला भोपळा, उकडलेलं अंडं, कोंबडीचं उकडलेलं मांस. मीठ-मसाला नको. गूळ बंद, दूध बंद. कांदा-लसूण शिवू द्यायचा नाही. द्राक्षं नाही, मनुके नाहीत. विष आहे ते कुत्र्याला."

"डाक्टर," हे म्हणाले, "नाशिक जिल्ह्यात ऱ्हायचं, आन कांदा नाय, द्राक्ष नाय? ह्यानं मग खायचं काय, सात-बारा?"

डॉक्टर हसले. सुतळ्या काट्यावर साडेतेरा किलो भरला. "याच्या उंचीला बावीस हवेत. आठवड्याला अर्धा किलो वाढला तरी पुष्कळ. घाईनं फुगवाल तर रोग विकत घ्याल."

दवाखान्याच्या ओसरीवर नाशिक रोडचे काशीद साहेब बसलेले. नोकरीतून निवृत्त झालेले, तिकडं बंगला, इकडं देवळ्याला चार एकर. गाईचं औषध न्यायला आले होते. त्यांनी सुतळ्याकडं पाहिलं. "हाड चांगलंय हो," एवढंच मला ऐकू आलं. मग हे आणि ते समोरच्या टपरीवर चहाला गेले. मी कुत्र्याला धरून बसले.

घरी येऊन विचार करू लागले तर आमच्या गावात कांदा नसलेलं कालवण मिळायचं कुठं? शिळ्या आमटीत कांदा, रश्श्यात कांदा, ठेच्यालाही कांद्याची सोबत. पण आषाढी एकादशी तोंडावर आली होती. एकादशीपासून चातुर्मास, चार महिने माझ्या चुलीवर कांदा-लसूण चढत नाही. सबंध गावात सुतळ्याला सोसेल अशी एकच चूल, ती माझी. मला ही देवाची खूणच वाटली.

त्या रात्री दिव्यासमोर बसून नवस बोलले. सुतळ्या बावीस किलो भरेपर्यंत मी दिवसातून एकदाच जेवीन. भरला, की पुरणाचा नैवेद्य करीन, मग रात्रीचा घास घेईन.

राहिली अंड्यांची गोष्ट. माझ्या घरात अंडं येत नाही. ते ओझं शेजारच्या हमीदानं उचललं. तिच्या कोंबड्या आहेत, आणि तिचा नवरा खाजाभाई टेम्पो चालवतो. "भाबी, तुमी भाकर-डाळ बघा. अंडी मी माझ्या चुलीवर उकडते, माझ्याच अंगनात खाऊ घालते. तुमच्या देवाला वास बी जायचा नाय." रविवारी त्यांच्याकडं कोंबडी झाली की मसाला घालायच्या आधी ती चार तुकडे बाजूला काढायची. हाडं नाही हं, नुसतं मांस.

दर गुरुवारी वजन. कांद्याचा तो प्लेटचा काटा, माझ्या आणि जावेच्या घराचा मिळून एक. मालनबाईचं तोंड दोन गुरुवार चाललं, तिसऱ्या गुरुवारी तीच विचारायला लागली, "कितीनी भर पडली आज?"

आणि ह्याच दिवसांत आमचे हे बदलले.

तिसऱ्या गुरुवारी ते स्वतः म्हणाले, "तू नको वाकू, मी धरतो त्याला." सुतळ्याला उचलून प्लेटवर ठेवायचे, दांडीवरची वजनाची कडी सरकवायचे, आकडा मोठ्यानं बोलायचे आणि गेरूनं चाळीच्या भिंतीवर लिहायचे. पंधरा. सोळा. साडेसतरा. मी बाजूला हात जोडून, डोळे मिटून नाम घेत उभी असायची. आकडा कानावर पडला की डोळे उघडायची. हमीदाकडची अंडी संपली तर हे तीन मैलांवरच्या बाजारातून आणायचे. दुपारी मळ्यातून फोन करायचे, "त्याचं दुपारचं झालं का?"

बावीस वर्षांच्या संसारात ह्या माणसानं माझ्या नेमाधर्माला कधी चांगलं म्हटलं नव्हतं. "देव देव करून भाकर गोल होत नाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तोच माणूस कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवून म्हणायचा, "भागे, बरगडी बुजली बघ. कसं तुकतुकीत झालंय!" मी देवापुढं रडले. म्हटलं, माझ्या नेमानं दगडाला पाझर फुटला.

सुतळ्या भरत गेला तशी मी उतरत गेले. बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. हमीदा म्हणायची, "भाबी, सुतळ्या नाव आता तुमालाच द्यावं." मी हसायची. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही असं नाही; पण त्यांची नजर भिंतीवरच्या आकड्यांवर जास्त असायची. तेही मी भक्तीच समजले.

दिवाळी सरली. तुळशीचं लग्न अजून व्हायचं होतं. आदल्या गुरुवारी एकवीस झालं होतं. ह्या गुरुवारी मी नेहमीसारखी डोळे मिटून उभी होते. हमीदा कोंबड्यांना दाणे टाकायला आली होती, ती कुंपणापाशी. कडी खट्कन वाजली.

"बावीस!" हे ओरडले. "भरला गं, भागे! नवस फिटला तुझा!"

संध्याकाळी पुरण घातलं. दत्ताला नैवेद्य दाखवला, कुत्र्याला त्याची भाकर-डाळ, आणि चार महिन्यांनी मी रात्रीच्या ताटावर बसले. पोळी ह्यांनी स्वतःच्या हातानं वाढली, वर तूप सोडलं. "खा. लय सोसलंस," म्हणाले. त्या घासाची चव मला अजून आठवते. तीच तर पंचाईत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गावातल्या दत्ताला नारळ वाढवायला गेले. परत आले तर लिंबाखाली सुतळ्या नव्हता. त्याच्या जागी हिरव्या रंगाची, मोटर बसवलेली कडबाकुट्टी उभी होती. त्याची साखळी तिच्या चाकाला गुंडाळून ठेवलेली.

"सुतळ्या कुठंय?"

हे मशीनची मोटर पुसत होते. "अगं, हे तर बघ! बटन दाबलं की पेंढीचा भुगा. तुझे हात ऱ्हातेत आता. रोज इळ्यानं कडबा तोडती, मला दिसत न्हवतं व्हय?"

"सुतळ्या कुठंय?"

"काशीद साहेबांनी नेला. मीच चढवला त्यांच्या जीपमधी. बंगल्याला राखन पायजे व्हती. आन ही मशीन त्यांच्याकडं पडूनच व्हती. जेठातच ठरलं व्हतं गं. म्हनले, हाड चांगलंय, बावीस भरला की नेतो."

जेठात. म्हणजे टपरीवरच्या त्या चहात. म्हणजे अंडी, फोन, पाठीवरचा हात, गेरूचे आकडे, सगळं बोकड पोसतात तसं. मी नवस बोलायच्या आधीच माझा नवस विकला गेला होता.

"मला इचारलं का नाय?"

"इचारलं असतं तर दिलं असतंस का?"

मी आवाज चढवणारी बाई नाही. आत जाऊन ओट्यापाशी बसले. नवस तरी फिटला, एवढंच मनाशी धरून बसले.

दुपारी हमीदा आली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. "भाबी, मी बोलनार नव्हते. पन तुमी उपास धरला, तो झूट पडला तर मला पन पाप लागंल. काल देवरामभाईंचा पाय व्हता प्लेटवर. आंगठा दाबून धरलेला. मी बघितलं."

मी उठून चाळीत गेले. हे तिथंच होते. "कालचं खरं वजन किती होतं?"

त्यांनी भिंतीकडं पाहिलं. "साडेएकवीस. अगं, अर्ध्या किलोनं काय व्हतं? साहेब आज येनार व्हते. म्हनलं, तुझा नवस पन फिटंल, तुलाबी दोन घास मिळतील. तुझ्याच भल्याला..."

नुसतं मला नवऱ्यानं फसवलं असतं तर मी गिळलं असतं, बायका गिळतात. पण त्यानं माझ्या मिटल्या डोळ्यांचा फायदा घेतला. माझ्याच हातानं देवाला खोटा नैवेद्य दाखवायला लावला, आणि वर तूप वाढलं.

"साडेएकवीस म्हंजे नवस फिटला नाही," मी म्हणाले.

त्या दिवसापासून मी पुन्हा एकभुक्त. रात्री त्यांचं ताट वाढायची, भाकर गरम गरम द्यायची आणि समोर बसून राहायची. भांडण नाही, अबोला नाही. काय हवं नको विचारायची. फक्त माझं ताट नाही.

पहिल्या दिवशी म्हणाले, "नाटकं नको करू." तिसऱ्या दिवशी, "भागे, जेव की गं." पाचव्या दिवशी त्यांनीच अर्धी भाकर ताटात टाकली. सकाळी तव्यावरची पहिली भाकर मी नेहमीसारखी लिंबाखाली नेऊन ठेवायची, कडबाकुट्टीच्या पायाशी. कावळे न्यायचे. येणारी-जाणारी माणसं बघायची. मशीन एकदाही चालू झाली नाही. मी इळ्यानंच कडबा तोडत राहिले.

आठव्या दिवशी मालनबाई आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. सगळ्यांत आधी काट्यावरून भांडलेली ती. "देवराम, इकडं ये. बायको वाळून मेली तर ही कडबाकुट्टी भाकरी थापीन का रे तुला? सबन गाव म्हनतंय, त्यानं देवाच्या वजनात पाय मारला. उद्या तुझ्या काट्यावर कोन इस्वास ठेवीन?"

दुसऱ्या दिवशी पहाटे खाजाभाईचा टेम्पो अंगणात लागला. दोघांनी मिळून मशीन वर चढवली.

टेम्पो परतला तेव्हा दिवस कलला होता. "नाशकात द्वारका चौकात दोन तास अडकलो, भाबी," खाजाभाई उतरता उतरता म्हणाले. ह्यांनी मागची फळी पाडली.

सुतळ्या उभा राहिला, पण पाय फाकवून. डोळ्यांत चिपडं. पोट आत गेलेलं.

"साहेब वाईट नायत," हे जमिनीकडं बघत म्हणाले. "लाडच केले. नातवाच्या वाढदिवसाला मटन, रस्सा, केक, समदं घातलं. तिसऱ्या दिवशी उलट्या, लघवी लाल. तिथल्या डाक्टरनं इचारलं, कांदा खाल्ला का? तवा त्यांना कळलं."

रश्श्यातला कांदा. आमच्याच तालुक्यातला असेल. मी सांगून ठेवलं असतं, बाबा, ह्याला कांदा घालू नका. पण मला बोलायला कुणी बोलावलंच नव्हतं.

मी सुतळ्याला हाक मारली. त्यानं कान टवकारले, टेम्पोतून कसाबसा उतरला आणि सरळ ह्यांच्याकडं गेला. ह्यांच्या पायाशी अंग घासलं, हात चाटला. तोच हात, ज्यानं त्याला जीपमध्ये चढवलं होतं. ह्यांचा चेहरा मला बघवेना. हे खाली बसले आणि त्याच्या मानेत तोंड घालून राहिले.

कुत्र्याला ते जमतं. माणसाला वेळ लागतो.

"काट्यावर ठेवा," मी म्हणाले.

ह्यांनी त्याला उचलून प्लेटवर ठेवलं आणि दोन पावलं मागं सरकून, हात पाठीशी बांधून उभे राहिले. ह्या खेपेला मी डोळे मिटले नाहीत. कडी मीच सरकवली. अठरा. गेरू घेतला, 'बावीस'वर आडवी रेघ ओढली आणि तिच्याखाली माझ्या अक्षरात अठरा लिहिलं. बायकांच्या हाताचा त्या भिंतीवरचा तो पहिला आकडा असेल.

रात्री मुगाची डाळ मऊ शिजवली, भाताच्या गोळ्यात कालवली आणि मूठभरच घातली. पोट नाजूक होतं. मग ह्यांचं ताट वाढलं. हे पाटावर बसेनात. आत गेले, माझं ताट-वाटी काढून आणली, समोर मांडली.

"आनला की गं त्याला. मशीन दिली, साहेबांचे पाय धरले. आता तरी जेव."

मी ताट उचलून फडताळात परत ठेवलं, जसं होतं तसं, पालथं. दिव्याची वात सारली.

"भागे, अजून काय पायजे तुला?"

"बावीस," मी म्हणाले आणि त्यांच्या ताटात भाकर वाढली.