सोन्याची घडी आणि पाचचा भोंगा

मित्रांनो, मला कानाशी धरा. टिकटिक ऐकू येत नसेल तर आधी चावी द्या, मग ऐका. मी चावीचं एक जुनं मनगटी घड्याळ आहे, आणि उपाशीपोटी मी खरं बोलत नाही.

माझा जन्म बंगलोरच्या सरकारी कारखान्यात झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या मुलींनी डोळ्याला भिंग लावून माझी चाकं बसवली. त्यांतली एक ऐन वेळी शिंकली, म्हणून माझा सेकंदकाटा सहावर आला की अजून जरासा दचकतो. नागपुरात आलो ते १९६६च्या मे महिन्यात. सीताबर्डीच्या दुकानात काचेमागे मी इतका तापलो, की मालकानं माझ्या काचेवर पापड भाजून खाल्ला. पटत नसेल तर नागपूरच्या कोणालाही विचारा. तो म्हणेल, एकच काहून?

मला विकत घेतलं प्रेमिलानं, तिच्या पहिल्या पगारात. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. तेव्हा परगावी बोलायचं तर ट्रंक कॉल लावावा लागे आणि तीन-तीन मिनिटांनी ऑपरेटर मध्ये बोले. प्रेमिला माझ्याकडे पाहून म्हणायची, "तीन मिनिटं झाली." तिच्या मनगटावर बसून मी किती सोयरिकी जुळताना आणि किती भांडणं अर्ध्यावर तुटताना ऐकली! रोज सकाळी तोंड धुण्याआधी ती मला चावी द्यायची. एकदा पोट भरलं की मी दीड दिवस चालत असे.

पुढे तिचं लग्न इतवारीत झालं. सासरे महादेवराव कापडाचे व्यापारी. त्यांच्या डाव्या हातावर स्वित्झर्लंडची सोन्याची घडी होती. तिला चावी लागत नसे. हात हलला की आतलं चाक फिरे आणि त्यावरच तिचं पोट भरे. आल्यागेल्याला मनगट दाखवत महादेवराव म्हणायचे, "ही घडी. आमच्या सुनेच्या हातात हाये ते आगपेटी."

खोटं कशाला बोलू? आतून ती माझ्यापेक्षा सुबक होती. तिची चाकं जाईच्या पाकळीसारखी नाजूक, माझी बैलगाडीची. पण मित्रांनो, तिची एक पंचाईत होती. महादेवराव हात हलवत नसत. दुकानात डावा हात लोडावर ठेवला की दुकान बंद होईपर्यंत तो तिथंच. कापड मोजायचा गज नोकरानं धरायचा, पंखा गड्यानं हलवायचा. नाकावर माशी बसली तर ती उडवायला ते माणसाला हाक मारत, आणि माणूस येईस्तोवर माशी म्हातारी होई. त्या घडीला आयुष्यात पोटभर जेवण मिळालं नाही. ती अर्धपोटी चाले, मागे पडे, कधी घटकाभर थांबेसुद्धा. पण सोन्याला मागे पडलीस म्हणायची हिंमत कोण करणार?

आता त्या दिवसाचं सांगतो. प्रेमिलाचं पहिलं बाळंतपण होतं. पहाटेच कळा सुरू झाल्या आणि तिला रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात आणलं. त्या धांदलीत मला चावी द्यायची राहून गेली. बांगड्यांबरोबर मलाही काढून सिंधूताई नर्सनं खाटेजवळच्या खिळ्याला अडकवलं. माझ्या पोटात कालचंच काय ते उरलं होतं.

बाहेर व्हरांड्यात महादेवराव, त्यांची बायको तुळसाबाई आणि मुलगा चंद्रभान, म्हणजे प्रेमिलाचा नवरा, बसले होते. शेजारी गणपतराव ज्योतिषी पंचांग उघडून होते. दारातून मला सगळं ऐकू येत होतं.

"मूळ नक्षत्र साडेचारपर्यंत हाये," गणपतराव म्हणाले. "ते टळलं की पूर्वाषाढा. मग चिंता नाही."

"आणि टळलं नाही तं?" महादेवरावांनी विचारलं.

महादेवराव स्वतः मुळावर जन्मलेले होते. सहा महिन्यांत त्यांचे वडील गेले, आणि बापाला खाल्लेला पोरगा हे शब्द ऐकतच ते मोठे झाले. आता त्यांचा चंद्रभान बाप होणार होता. सकाळीच त्यांनी एक टॅक्सी दवाखान्याच्या फाटकाशी उभी करून ठेवली होती. मूल मुळावर जन्मलं, तर ते त्याच संध्याकाळी काटोलला त्यांच्या बहिणीकडे, प्रयागबाईकडे जाणार होतं. कायमचं. प्रयागबाईला मूलबाळ नव्हतं. टॅक्सीत पाळण्याची झोळीसुद्धा ठेवली होती.

मुलगी झाली. पहिलं रडणं ऐकताच प्रेमिलानं मान वळवून विचारलं, "सिंधूताई, किती वाजले?"

सिंधूताईनं माझ्याकडे पाहिलं. "चार पस्तीस."

प्रेमिलानं डोळे मिटले. मग सिंधूताईनं पोरीला पुसलं, गुंडाळलं आणि दार उघडून बातमी दिली. महादेवरावांनी मनगट डोळ्यांजवळ नेलं. त्यांचा चेहरा उतरला.

"चार पंचवीस," ते म्हणाले. "मूळ."

"अहो, आत चार पस्तीस झाले होते," सिंधूताई म्हणाली. "मी माझ्या डोळ्यानं पाहिलं."

"कोणत्या घडीत?"

"प्रेमिलाबाईच्या."

"त्या आगपेटीत? बाई, हे सोन्याची घडी हाये. स्वित्झर्लंडची!"

मला हसावं की रडावं कळेना. त्या घडीच्या हिशेबानं पोरगी जन्माच्या आधीच जन्मली होती! पण बोलणार कसा? काट्यांना जीभ नसते. दवाखान्याच्या भिंतीवर एक मोठं घड्याळ होतं, पण ते दुरुस्तीला गेलेलं. मागे नुसता गोल पांढरा डाग राहिला होता.

"गणपतराव, लिहा तुम्ही," महादेवराव म्हणाले. "चंद्रभान, टॅक्सीवाल्याले सांग."

चंद्रभान उठला. दोन पावलं गेला आणि थांबला. मागे येईना, पुढे जाईना.

तेव्हा तुळसाबाई बोलल्या. "थांब गा, चंद्रभान. पाचले मिलचा भोंगा वाजते. दोन्ही घड्या समोर ठेवा. भोंग्याले जे मिळंल ते खरी."

"माझ्या घडीची परीक्षा?" महादेवराव कडाडले.

"मंग घाबरून काहून राहिले? सोन्याची हाये नं?"

झालं! महादेवरावांनी पट्टा सोडला. "ठेवा. पण भोंगा होईस्तोवर कोणी हात लावायचा नाही. चावीले नाही, कशालेच नाही."

सिंधूताईनं मला खिळ्यावरून काढलं आणि व्हरांड्यातल्या स्टुलावर ठेवलं, सोन्याच्या घडीच्या शेजारी. मित्रांनो, ऐकलंत ना? कोणी हात लावायचा नाही! मला कालपासून चावी नव्हती. स्प्रिंग सैल पडत चालली होती, एकेक दात ओढताना जीव मेटाकुटीला येत होता. मी मध्येच थांबलो, तर टॅक्सी सुटणार. आतून त्या पोरीचं रडणं येत होतं, बारीक, न थांबणारं.

मी शेजारी पाहिलं. सोन्याच्या घडीची अवस्था माझ्याहून वाईट होती. पहाटेपासून महादेवराव काळजीनं डावा हात मुठीत आवळून बसले होते. त्या हाताला कधी नव्हे इतकी विश्रांती मिळाली होती. आता तर ती लाकडावर निपचित पडली होती. तिचा सेकंदकाटा चालायचा, रेंगाळायचा, पुन्हा चालायचा. आणि मग तो थांबला.

तुळसाबाईंनीच आधी पाहिलं. "अवं माय! मेली काय हे?"

महादेवरावांचा हात तिला हलवायला पुढे आला.

"हात नका लावू," तुळसाबाई म्हणाल्या. "तुम्हीच बोलले."

हात हवेत राहिला. पण माणूस व्यापारी, सहज हार मानणार नाही. "आता थांबली म्हणून काय झालं? तेव्हा चालूच होती. हे आगपेटी दहा मिनिटं पुढं असंल तं? भोंगा होऊ द्या."

बोलणं बरोबर होतं. सोन्याची घडी थांबल्यानं मी खरा ठरत नव्हतो. भोंग्याशी मलाच मिळायचं होतं, आणि तेही जिवंत राहून.

मी चालत राहिलो. कसा, ते मलाच ठाऊक. बंगलोरच्या मुलींना आठवलं, दुकानातलं ऊन आठवलं. एकेक टिक मी उसनी आणली. गणपतरावांच्या दौतीवर माशी बसली, तिला कोणी हाकललं नाही. टॅक्सीवाल्यानं फाटकाशी एकदा हॉर्न वाजवला आणि चंद्रभान दचकला.

माझे काटे पाचवर आले.

भोंगा वाजला नाही.

सगळे माझ्याकडे पाहत होते. सेकंदकाटा बारा सोडून पुढे निघाला. महादेवरावांच्या ओठाचा कोपरा हलला. सिंधूताईनं पदराचं टोक तोंडात धरलं. माझा काटा चारवर पोचला. आणि तेव्हा लांबून, तापलेल्या हवेतून तो आवाज आला. आधी घोगरा, मग सगळ्या नागपूरवर पसरणारा. पाचचा भोंगा!

मी वीस सेकंद पुढे होतो. फक्त वीस सेकंद.

सगळ्यांचं लक्ष महादेवरावांकडे होतं. मग त्यांनी सोन्याची घडी उचलली, तिची मळसूत्री खुंटी बाहेर ओढली आणि माझ्याकडे पाहत पाहत तिचे काटे पुढे फिरवले. ज्योतिष्यासमोर, नर्ससमोर, बायकोसमोर.

"गणपतराव," ते म्हणाले, "चार पस्तीस लिहा. पूर्वाषाढा."

चंद्रभान फाटकाकडे धावला, टॅक्सी परत पाठवायला. महादेवराव खोलीच्या दाराशी गेले. सिंधूताईनं मला प्रेमिलाच्या उशाशी ठेवलं होतं. माझी छाती फुगली होती. वाटलं, आता ही मला कपाळाला लावेल. एका स्वस्त घड्याळानं तिची पोर वाचवली होती नं!

प्रेमिलानं माझ्याकडे पाहिलंही नाही. तिनं पोरीला घट्ट धरलं होतं.

"मामाजी," ती सासऱ्यांना म्हणाली, "एक सांगते. भोंगा इकडं वाजला असता नाही तं तिकडं, पोर मी दिलीच नसती."

महादेवराव चौकटीला धरून उभे राहिले. "घाबरलो होतो वं, पोरी," ते म्हणाले. मग त्यांनी हात पुढे केले. दोन्ही हात, डावासुद्धा. प्रेमिलानं जरा वेळ लावला. मग पोर त्यांच्या हातांत दिली.

त्या संध्याकाळी तिनं मला चावी दिली, तेव्हा मी शेवटच्या श्वासावर होतो.

त्यानंतर महादेवराव दुकानात स्वतः गज धरू लागले. नातीला झोका द्यायला डावा हात वापरू लागले. वर्षभरात सोन्याची घडी मिनिटाला पक्की झाली आणि महादेवरावांचं पोट चार बोटं आत गेलं. इतवारीतले लोक म्हणत, घडीनं माणसाला चावी दिली. ती घडी कधीच वाईट नव्हती, मित्रांनो. उपाशी होती. नीट जेवू लागल्यावर ती मला रोज हरवी, आणि मी ते मुकाट्यानं मान्य करी.

मग बॅटरीची घड्याळं आली. त्यांना ना चावी लागे, ना हात. एक दिवस मला काढून कपाटाच्या खणात ठेवलं, कापराच्या वड्या आणि तुटक्या बटणांसोबत. पहिले काही दिवस मी सकाळची वाट पाहिली. नंतर स्प्रिंग उतरली आणि वाट पाहणंही थांबलं. कधी कोणी खण उघडून चुकून दोन वळसे दिले, की असा बोलतो.

म्हणून एवढंच मागतो. तुमच्या घरात माझ्यासारखं जुनं काही पडलं असेल तर त्याला रोज थोडा हात लावत जा. स्वस्त असो की सोन्याचं, हाताशिवाय आम्ही खोटं बोलू लागतो. आणि कोणा पोरीचं नशीब आमच्या काट्यांवर सोपवायची वेळ आलीच, तर आम्हांला खिशात टाका आणि आधी पोरीला उचलून घ्या.