धक्क्याखालची जागा

हॉइटच्या पत्राला एमेटनं दोन वर्षं उत्तर दिलं नव्हतं. पत्र एका ओळीचं होतं: तो मोठा बास मासा कुठं धरलास, ते खरं सांग. हॉइट त्याच्या बहिणीचा नवरा; त्याला एक थाप ठोकून दिली असती की काम झालं असतं. पण थाप मारताना एमेटचे कान लाल व्हायचे, आणि कागदावर तर हातच चालायचा नाही. खरं सांगावं, तर आयुष्यात सापडलेली एकुलती एक जागा हातची जाणार. म्हणून पत्र शब्दकोशात दडून बसलं.

या एप्रिलात हॉइट स्वतःच मिसुरीहून होडी गाडीमागं ओढत जलाशयावर हजर झाला.

दिवसभर त्यानं पाणी पिंजून काढलं. सकाळी ऊन होतं, मग बोचरा वारा, मग पाऊस, मग पुन्हा ऊन. आभाळाचं काही ठरत नव्हतं. दर वळणावर हॉइट होडी थांबवून एमेटच्या कानांकडे बघत विचारायचा, "इथं?" एमेट नाही म्हणायचा, आणि ते खरंच असायचं. हाती लागले वीत-वीतभर दोन मासे.

गारा सुरू झाल्या तशी दोघांनी होड्या उतरवायचा धक्का गाठला. हॉइट गाडी आणायला वर पळाला. होडीत एकटा उरलेल्या एमेटला राहवेना. त्यानं धक्क्याच्या फळ्यांखाली हळूच गळ सोडला. सगळे मासेमारे इथूनच यंत्र सुरू करून सुसाट लांब जायचे. जलाशयावरच्या मासेमारी स्पर्धेत वजन करून झालेले मासे मात्र याच धक्क्यावरून पाण्यात सोडले जायचे, आणि त्यातले जाडजूड तिथंच मुक्काम ठोकायचे.

काठी वाकली. त्याच वेळी हॉइटची गाडी मागं येताना दिसली.

"बाईसाहेब, जरा लवकर," एमेट गळाला लागलेल्या जाडजूड माशाला पुटपुटला. जबड्यात अंगठा घालून त्यानं गळ सोडवला आणि तिला परत पाण्यात ढकललं.

"बाही कशानं भिजली रे?" हॉइटनं गाडीतून उतरत विचारलं.

"पावसानं."

कान पेटले. हॉइटनं ते नीट पाहिलं आणि आपली लोकरीची टोपी काढून त्याच्या डोक्यावर चढवली. "कान बघ कसे गारठलेत. म्हातारा झालास, एमेट."

संध्याकाळी तळलेल्या माशावर ताव मारताना हॉइटनं आपली युक्ती सांगितली. असंच पत्र त्यानं बऱ्याच जणांना धाडलं होतं. ज्यानं ज्यानं उत्तरात जागा कळवली, त्याची ती जागा तो नकाशावर सरळ फुली मारून बाद करायचा. मासेमाऱ्यानं लिहून दिलेलं खरं असेल, तर तो मासेमारी सोडून देणार होता. "तूच एक इमानदार निघालास," तो म्हणाला. "गप्प तरी बसलास."

एमेटनं पावाचा तुकडा बशीत गोल फिरवला.

हॉइट गेल्यावर त्यानं शब्दकोशातून पत्र काढलं आणि उत्तर लिहिलं. होड्या उतरवायचा धक्का, डावी बाजू, फळ्यांखाली. हात एकदाही अडला नाही. आरशात पाहिलं, तर कानही लाल झाले नव्हते.

तिकीट चिकटवून तो कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत चालत गेला आणि पाकीट आत टाकलं.