सर हसले तो सोमवार

वर्गाचं हवामान शिक्षकाच्या चेहऱ्यावर ठरतं, असं मोठमोठे शिक्षणतज्ज्ञ सांगतात. सातवी 'ब'ला हे तज्ज्ञांच्या आधीपासून ठाऊक होतं. तिथे बारमाही कडाकाच असे. गणिताचे सर आत आले की भिंतीवरची पालसुद्धा ताठ बसायची. पोरांनी त्यांना 'तोफ' असं नाव ठेवलं होतं, आणि एक सर सोडले तर ते साऱ्या शाळेला माहीत होतं.

शुक्रवारी मुख्याध्यापिका बाईंनी त्यांना बोलावून घेतलं.

"सर, तुमच्या वर्गात मुलं श्वाससुद्धा विचारून घेतात. सोमवारी मी बघायला येणार. मुलं मोकळी दिसली नाहीत, तर वर्ग दुसऱ्या कुणाला देईन."

पाचवीपासून घासूनपुसून वर आणलेला वर्ग. अपूर्णांकात कच्चा, पण आपला!

घरी त्यांनी आरशापुढे सराव सुरू केला. बायको दारातून बघत होती.

"अहो, दात दिसतायत. हसू कुठाय?"

"हेच हसू आहे."

"मग दाढ दुखतेय म्हणून सांगा. लोक समजून घेतील."

सोमवारी सर वर्गात शिरले आणि हसले.

एक गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानात आली नव्हती. तीन वर्षांत ते वर्गात तीनदाच हसले होते, तिन्ही वेळा चोर सापडल्यावर. वर्गाने काय ते ओळखलं.

पहिल्या बाकावरची चष्मेवाली उभी राहिली. "सर, माझा गृहपाठ ताई करते."

सर हसतच राहिले. करतात काय, बाई कुठल्याही क्षणी येणार.

"सर, काच मी फोडली," मागून लंबू म्हणाला. "पण ढकललं यानं."

"ए, मला कशाला ओढतोस? सर, मी फक्त तुमचं डस्टर टाकीत टाकलं."

"कधी?" सरांनी हसू न सोडता विचारलं.

"दोनदा."

मग बांधच फुटला. पोरं रडत रडत आपणहून कान धरून रांगेत उभी राहिली. शेवटी एकीने वही पुढे केली. वहीत चाकांवरची तोफ होती आणि तोफेला भरघोस मिशा. सरांनी चित्र बघितलं, स्वतःच्या मिशीला हात लावला, आणि त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. कुणीतरी फिस्सकन हसलं. बघता बघता अर्धा वर्ग हसायला लागला; उरलेला अर्धा अजून रडत होता.

नेमक्या तेव्हाच बाई दारात आल्या.

"ही मोकळी मुलं?"

"हो बाई," लंबू नाक पुसत म्हणाला, "आता सांगायचं काही उरलंच नाही."

बाई तडक आपल्या खोलीत गेल्या आणि वेळापत्रक घेऊन बसल्या. सर घंटा होईपर्यंत बाहेर उभे होते.

वर्ग सरांकडेच राहिला. त्या तासाला दुसरं कुणी रिकामं नव्हतं.