किरकिर गेली

“सुंदरकाका, माझ्या मशीनचा जुना पार्ट कुठं फेकला?”

“आरं, कचऱ्यात. सकाळीच घंटागाडी घिऊन गेली,” सुंदरराव म्हणाले. केजमध्ये रेडिओ-मिक्सर दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. “त्योच तर किरकिर करीत हुता. नवा टाकलाय बघ, आता सनईवानी वाजतंय.”

उत्तरेश्वरने कपाळावर हात मारला. सहा वर्षं तो अ‍ॅसिड टेक्नो करत होता. म्हणजे मशीनच्या ठोक्यावर एकच सूर पिळत पिळत पार किंचाळेपर्यंत न्यायचा. गावात त्याला संगीत म्हणायला कुणी तयार नव्हतं. लग्नातल्या डीजेवाल्यांनी तर “पत्रा घासतोय का बे?” म्हणत हाकलून दिलं होतं. पण बँडवाल्यांच्या भंगारातल्या कीबोर्डमधून काढून त्याने आपल्या मशीनला बसवलेल्या त्या बिघडलेल्या पार्टचा आवाज दुसऱ्या कुठल्याच मशीनला येत नव्हता. नेमका तोच ऐकून बर्लिनच्या एका छोट्या कंपनीने त्याला आज चार वाजता इंटरनेटवर अर्धा तास थेट वाजवायला सांगितलं होतं. आवडलं तर ते रेकॉर्ड काढणार होते.

“पण दुरुस्त करा म्हणलं कुणी तुमाला?”

“तुझ्या मायनं.”

घरी भिवराबाई बोचकं बांधत होत्या. ऊसतोडीला निघण्याआधी घरातलं मोडकंतोडकं नीट करून ठेवायचं, ही त्यांची दरवर्षीची रीत. कोयत्यांना धार, स्टोव्हला वायसर, बाजेला नवी सुतळी. यंदा त्यात लेकाचं मशीन.

“माय, मला इचारायचं तरी!”

“काहून? सहा वर्सं बोंबलतंय त्ये. तू दिसभर बटणं पिळतूस, तरी नीट हुईना. मला लई वाईट वाटायचं रे. आज तुजा कारेक्रम हाय, म्हून काल कोयत्यासंगं नेलं.”

उत्तरेश्वरला संताप आला. मायचा आला, सुंदररावांचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. ते बोंबलणं म्हणजेच आपलं गाणं, हे सहा वर्षांत एकदाही तिला सांगावंसं वाटलं नव्हतं. आता सांगून काय उपयोग?

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. बाप केव्हाच चढून बसला होता.

“वाजीव की येकदा. ऐकून जाते.”

त्याने मशीन लावलं. बटण पेन्सिलच्या खुणेपर्यंत फिरवलं. इथे आल्यावर ते किंचाळायचं. आज गोड, गुळगुळीत सूर निघाला. भिवराबाईंनी बोचकं मांडीवर घेऊन तो ऐकला आणि मान डोलावली.

“आता कसं? झालं न्हवं बेस?”

“लई बेस झालं, माय.”

ट्रक गेला तेव्हा साडेतीन वाजले होते. उत्तरेश्वरने मोबाईल घेतला. लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. शेवटी बर्लिनला खरं तेच कळवलं: मशीन दुरुस्त झालं आहे, त्यामुळे आजचा कार्यक्रम होणार नाही.